नाटकाच्या मधात रेकॉर्डिंग डान्स कायले पायजे?

धानबांधी:
काल आमच्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) मंडईचं, म्हंजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचं, नाटक पाहून पहाटे साडेचारले घरी आलो, डोळे जड आहेत तरी टाइप करून राहिलो. विनोदी नट असा होता का विचारू नका. एका सीनमंदी डायलॉग विसरला, प्रॉम्प्टरनं एवढ्या मोठ्यानं सांगितला का मागच्या जमिनीच्या तिकिटवाल्याईले बी ऐकू आला, तर हा गडी त्यालेच म्हनते, "तूच ये ना बे वर, मी बसतो तिथं, थंडी लागून राहिली." ऑर्गनवाल्यानं तेवढ्यात एक रडका सूर काढला, तबलजीनं थाप हानली, पब्लिक लोटपोट. मग त्यानं तिथंच धानाच्या बोनसवर चार ओळी जुळवून गायल्या, वन्स मोर झाला. अन् नेमका तिथंच पडदा पाडून डान्स! पेनड्राइव्हवरचं हिंदी गानं, वीस मिनिटं. परत पडदा उघडला तं कोनाचा बाप मेला होता हेच आठवेना. वाजवनारे समोर बसून असतांना पेनड्राइव्ह कायले?

पटाचा_शौकीन:
भाऊ तुमी तिकीट काढून पायता, आमी मंडळवाले वर्गनी करून आनतो. वडस्याले, नाटक कंपन्याईच्या गावाले, कंपनी बुक कराले गेलो का पयला प्रश्न "डान्स किती", कारन पोट्टे तेच विचारतेत. मांगच्या साली डान्स नाई ठेवला, अर्ध्या खुर्च्या खाली, तूट पाच जनाईनं खिशातून भरली, त्यातला एक मी. २०१४ ले शंकरपटावर, म्हंजे बैलाईच्या शर्यतीवर, बंदी आली तवा पटाच्या रात्रीचं आमच्या गावचं नाटक बी बंद पडलं होतं, २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं परवानगी देल्ली तवा कुठं जीव आला. आता नखरे नको.

वैनगंगाकाठची:
तुमचे पोट्टे उभे राहून शिट्या मारतेत अन् आमची पूरी लाइन चहाच्या बहान्यानं उठते. भाऊबीजेले माहेरी येतो, वर्षातून एकच नाटक भेटते. आई तं शालीत तोंड घालून झोपली, म्हने हसवनारा आला का उठवजो.

लाखांदूरकर_पुण्यातून:
थोडं उलट बोलतो. खडी गमतीत, म्हणजे आपल्या जुन्या लोकनाट्यात, नाच्या होताच ना? पुरुष लुगडं नेसून नाचायचा, द्वयर्थी बोलायचा, आणि आपले आजे रात्रभर बघायचे. तेव्हा ते लोककला, आता पोरीनं नाचलं की अश्लील, हे काही पटत नाही राव.

धानबांधी:
अश्लील कोन म्हनलं? नाच्या ढोलकीवर नाचे. शाहीर चुकला तं ढोलकीवाला सावरून घे, अन् त्या सावरन्यातच अर्धी गंमत राहे. पेनड्राइव्हले तुमी काय बोलान अन् तो काय उत्तर देईन?

तबल्याची_शाई:
मी सीझनभर वाजवतो, म्हनून बोलतो. डान्सच्या टाइमाले आमाले हात शेकाले भेटते, तं मी डान्सच्याच बाजूनं 😄 मजाक सोडा. पयले नटाले गाता याच लागे, आता गानारे नट कमी झाले, मग दोन सीनमधली जागा भरन कोन? झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंले २०२३ ले पद्मश्री भेटली तवा आमी स्टेजमागं पेढे वाटले, पन त्याच रात्री पब्लिक "डान्स आना" म्हनून वरडत होती.

पटाचा_शौकीन:
हेच तं म्हनतो! आमचं नाटक संक्रांतीनंतर हाय, पटाच्या रात्री. डान्स राहीनच. धानबांधी भाऊ, या.

धानबांधी:
येतो. डान्स लागला का बाहेर भजे खातो.

पटाचा_शौकीन:
खा ना, भज्याचं दुकान बी मंडळाचंच हाय.