विषय: सनरूफ उघडं अडकलंय, आभाळ भरून आलंय

छोटू, सुदामा नगर (सोमवार, संध्याकाळी ५.४०)
नमस्कार. मंडळाच्या मेलवर गाडीचं लिहितोय, ताई रागावतील, पण इलाज नाही. गाडी तीच, रंगपंचमीला आपल्या इंदूरच्या गेरची मिरवणूक बघून सगळे परतलो होतो ती. सनरूफ चार बोटं उघडं राहिलंय, ना पुढे ना मागे. गॅरेजवाला म्हणतो अख्खी असेंब्ली बदला, ५८ हजार, सीलिंग उतरवायची मजुरी वेगळी. गाडीचेच दोन लाख आले तर नशीब. कुणाचा ओळखीचा मिस्तरी असेल तर आत्ता सांगा. खंडवा रोडकडून काळंकुट्ट येऊन राहिलंय.

नाना (६.०५)
बटण दाबल्यावर आवाज येतो का, ते आधी सांग. काहीच येत नसेल तर फ्यूज, रिले नाहीतर बटण. मोटर घूं करते आणि काच ढिम्म, तर रुळात अडकलंय. टकटक वाजत असेल तर गिअरचे किंवा केबलचे दात गेले. हे न विचारता ५८ हजार सांगतो तो मिस्तरी नव्हे, दुकानदार. आणि काच हाताने रेटू नकोस, गाइड वाकतील.

ताई, कार्यालय (६.२०)
ही यादी कार्यक्रमांसाठी आहे, हे कोजागिरीच्या इन्व्हर्टर प्रकरणानंतर ठरलं होतं. शनिवारी जेवायला किती जण, या मेलला आतापर्यंत सहा उत्तरं. सनरूफला अर्ध्या तासात नाना हजर.

आप्पा, रामबाग (६.३१)
फ्यूज बघ रे. जेवढ्या अँपिअरचा तेवढाच घाल, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावू नकोस. आमच्या शेजाऱ्याने लावली होती, डॅशबोर्डखाली वायर जळाल्याचा वास घरभर. बाकी 'सनरूफ अडकलं' की 'अडकला'? मला 'अडकलं' खटकतं. आमच्या वाड्याचे कवेलू, म्हणजे कौलं, गळायचे तेव्हा आई पातेली मांडायची, पण छताला भोक पाडून घ्यायला कुणी जास्तीचे पैसे मोजले नव्हते.

छोटू (६.४८)
आवाज येतो. डावी बाजू दोन बोटं सरकते, उजवी जागची हलत नाही, काच तिरकी होते आणि मोटर थांबते. मार्चमध्ये बॅटरी बदलली होती, त्याचा काही संबंध? तूर्त पॉलिथिन लावलंय, चिकटपट्टी पत्र्यावर धरत नाही.

भाऊ, टिळक नगर (६.५५)
बॅटरीच! नानांनी विचारलंच नाही. बॅटरी काढली की पुष्कळ गाड्या सनरूफची 'बंद'ची जागा विसरतात. बटण बंदच्या बाजूला दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, की पुन्हा शिकते. नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात असते. माझी मे महिन्यात अशीच जागेवर येऊन नुसती उचकी द्यायची. ते करा आणि रुळावर गंज सोडवायचा स्प्रे मारा, लोण्यासारखं चालेल.

नाना (७.१०)
भाऊ, गाडी जागा विसरली तर दोन्ही बाजू मिळून विसरतील. एकच बाजू मागे राहते म्हणजे त्या बाजूचा रूळ, गाइड नाहीतर केबल. पिथमपूरच्या गाड्यांच्या कारखान्यात २६ वर्षं काय कँटीन चालवत होतो का? आणि तो स्प्रे मुळीच नको. होतं ते ग्रीस धुऊन जातं, चार दिवस चालतं, मग दुप्पट जाम. रुळाला लिथियमचं पांढरं ग्रीस, रबराला सिलिकॉन.

वहिनी, लोकमान्य नगर (७.२६)
मोटरीचं तुमचं तुम्ही बघा, पाणी जायच्या नळ्या कुणी बघितल्या का? चारही कोपऱ्यांत असतात, दोन पुढच्या खांबातून उतरतात, दोन मागच्या. कडुनिंबाचा पाला अडकला की पाणी गालिच्यात. आमच्याकडे ह्यांनी कंप्रेसरची हवा मारली, आतल्या आत नळी निसटली, मग खरंच सीलिंग उतरवावं लागलं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हळूहळू घाला, कोपऱ्यात पेलाभर पाणी ओता, गाडीखाली टपकलं म्हणजे झालं. आणि छोटू, रंगपंचमीला मुलं सनरूफमधून उभी होती, ते मला अजून पटलेलं नाही. करकचून ब्रेक लागला असता तर?

छोटू (७.३१)
वहिनी, कान पकडले. पाऊस सुरू झाला.

नाना (७.३३)
येतोय. आतल्या छताच्या दिव्याचं कव्हर काढून ठेव. आत मोटरीच्या बुडाला षटकोनी भोक असेल, तिथे एलन की बसते.

छोटू (मंगळवार, दुपारी १२.१५)
झालं. रात्री नानांनी एलन की वर दाबून अर्धा-अर्धा आटा फिरवली, मी टपावर छत्री धरून उजवी कड तळहाताने नुसती सांभाळत होतो. वीस मिनिटांत काच बसली. सकाळी कोरडं पडल्यावर उलट फिरवून उघडली. उजव्या रुळात रंगपंचमीचा गुलाल आणि जुनं ग्रीस मिळून शेंदरासारखा दगड झाला होता, त्यात कडुनिंबाची काडी आडवी रुतलेली. मोडलेलं काही नाही. जुना टूथब्रश, फडकं, एक तास. ग्रीसची ट्यूब २४० रुपये. हाताने फिरवल्यामुळे गाडी जागा विसरली होती, ती भाऊंच्या रीतीने बटण दाबून धरून शिकवली. उजवी मागची नळी तुंबली होती, वहिनींच्या दोरीने मोकळी केली. गॅरेजवाल्याला फोन केला, तो म्हणे, भिया, चार महिने चाललं तर सांगा.

भाऊ (१२.२०)
म्हणजे शेवटी बॅटरीचंच औषध लागलं.

नाना (१२.४०)
म्हणजे शेवटी गुलाल निघाला. छोटू, माझी ४ नंबरची एलन की तुझ्या गाडीतच राहिली आहे, सेटमधली आहे, शनिवारी आण. ताई, माझी दोन पानं धरा.

ताई, कार्यालय (१२.५२)
सात.