मदत हवी आहे: बंद कोळसा खाणीजवळच्या विहिरीचं पाणी कशाकशासाठी तपासावं?

नमस्कार मंडळी. मी कराडचा, पण प्रश्न चंद्रपूरकडचा. ताईच्या सासरी शेतालगत भूमिगत कोळसा खाण आहे. ती बंद झाली, पाण्याचा उपसा थांबला, आत पाणी भरलं. आता विहिरीचं पाणी काढताना नितळ दिसतं, पण रात्रभर कळशीत ठेवलं की तळाला तांबूस गाळ बसतो.

कोळशातल्या पायराइटला (लोह-गंधकाचं खनिज) हवा-पाणी लागलं की आम्ल, लोह, सल्फेट तयार होतं. खाण पूर्ण बुडाल्यावर हवा तुटते नि क्रिया मंदावते, पण आधी साठलेले क्षार विरघळून येतातच. खडकात चुना असेल तर आम्ल मरतं, सल्फेट मात्र राहतं. म्हणून नुसता सामू (pH, पाणी किती आम्लारी ते) बघून ‘पाणी चांगलंय’ म्हणणं मला पटत नाही. पिण्याच्या पाण्यात सल्फेटची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर 400.

आपल्याकडे सगळा काळा पाषाण, कोळशाचा अनुभव कुणाला असणार म्हणा! तरी भूजलातलं कुणी असेल तर सांगा: लोह, मँगनीज, सल्फेटबरोबर निकेल, आर्सेनिकही बघावं का? लोह तपासायच्या नमुन्यात, ते तळाला बसू नये म्हणून घालायचं नायट्रिक आम्ल प्रयोगशाळाच देते का? नमुना पावसाळ्याआधी घ्यावा की नंतर? दाजी म्हणतात, उकळून पिऊ. उकळून सल्फेट जात नाही, हे त्यांना कुणीतरी जाणत्यानं सांगितलेलं बरं.