गाडीला घरी बनवलेलं शेपूट: मायलेजसाठी लावावं की नाही?

वर्धारोड
मी नागपूरला, आईवडील शिर्डीजवळ. महिन्यातून दोनदा समृद्धीने जाणंयेणं. गाडी जुनी वॅगनआर, पेट्रोल. शंभरच्या पुढे गेलं की पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. ही गाडी मागे एकदम तुटते, उभी भिंतच. छतावरून येणारी हवा त्या कडेला सुटते, मागे कमी दाबाची पोकळी होते आणि तीच गाडीला मागे खेचते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो.

म्हणून दिवाळीनंतरच्या दोन रविवारांत मागे निमुळतं होत जाणारं शेपूट केलं, म्हणजे हवा हळूहळू आत वळेल आणि पोकळी लहान होईल. निवडणुकीचे बोर्ड करतात ती पोकळ प्लास्टिक शीट, अ‍ॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप, जोडायला पॉप रिव्हेट. लांबी सव्वादोन फूट. डिकीच्या दारावरच बसवलंय, मागून मोकळं, त्यामुळे काचेतून मागचा रस्ता दिसतो. दार आता जड झालंय, उघडलं की वेळूचा टेकू द्यावा लागतो.

आधी वरची शीट २० अंश खाली ठेवली होती. तिच्यावर लोकरीचे धागे चिकटवले आणि मित्राला मागच्या गाडीतून शूटिंग करायला लावलं. धागे गरागरा फिरत होते, काही तर चक्क पुढच्या दिशेने उडत होते. म्हणजे हवा शीटला धरून राहतच नव्हती. १२ अंशांवर आणलं आणि सगळे धागे तेल लावून विंचरल्यासारखे मागे झोपले. तो व्हिडिओ मी दहा वेळा पाहिला असेन.

त्याच पंपावर टाकी फुल ते टाकी फुल: आधी लिटरला १६.४, आता १७.९. माझं मत स्पष्ट आहे, हायवेवर जास्त फिरणाऱ्याने हे करावं.

स्पॅनर
मेहनतीला दाद देतो, पण आकडा मान्य नाही. एकेका टाकीवरून काही ठरत नाही. वारा कुठल्या बाजूचा होता? एसी? टायरची हवा? पंपाचं पिस्तूल कट झाल्यावर वर थोडं टाकतात, त्यातच अर्धा लिटर इकडेतिकडे होतो. शेपूट लावून, काढून, परत लावून, अशा निदान तीन-तीन टाक्या मोजा.

दुसरं, एक रुपया खर्च न करता करण्यासारखं आहे. १२० ऐवजी १०० ने चला. हवेचा विरोध तिथेच ३० टक्क्यांनी कमी होतो. तुमचं प्लास्टिक एवढं कधीच देणार नाही.

वर्धारोड
@स्पॅनर, मोजणीचं बरोबर आहे, करतो. पण वेगाची किंमत वेळेत मोजावी लागते. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. १२० ने ४ तास २० मिनिटं, १०० ने ५ तास १२. वडिलांना डायलिसिसला न्यायचं असतं तेव्हा ती ५२ मिनिटं मला सोडवत नाहीत. आणि १०० ने गेलो तरी शेपूट काम करतंच.

मालवाहक
आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, म्हणून या विषयात रस. अमेरिकेत नासाच्या लोकांनी सत्तरच्या दशकात एका व्हॅनला अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून अगदी खोका बनवला आणि मग एकेक कोपरा गोल करत मोजलं. कोपरे गोल केल्यावर विरोध निम्म्यावर आला. आजच्या गाड्यांचं नाक आधीच गोल असतं, म्हणून उरलेली मोठी चोरी मागेच होते. जर्मनीत वुनिबाल्ड काम या इंजिनिअरने १९३० च्या दशकातच दाखवलं होतं की थेंबासारखं पूर्ण लांब शेपूट लागत नाही, ते मध्येच कापलं तरी बराचसा फायदा मिळतो. १९९९ ची होंडा इनसाइट बघा, मागे निमुळती होत जाऊन तुटते. युरोपियन युनियनने २०१५ मध्ये ट्रकच्या मागे अशी शेपटं लावायला लांबीची सूटही दिली. कल्पना शंभर टक्के खरी आहे. आमचे ट्रक ऐंशीच्या आत चालतात, त्यामुळे आम्हाला फायदा थोडा कमी, पण कंटेनरची पाठ बघता तोही सोडण्यासारखा नाही.

वकीलताई
@मालवाहक, युरोपात नियम बदलून सूट दिली, तोच तर मुद्दा. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. उद्या मागून कोणी धडकलं तर विमा कंपनी पहिलं बोट त्या शेपटाकडे दाखवेल.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. वर्धारोड दादा, वॅगनआरचे मागचे दिवे दाराच्या बाहेर, खांबांवर आहेत ना? मग दारावरून सव्वादोन फूट बाहेर आलेली शीट दोन दिव्यांच्या मधोमध उभी राहते. उजव्या लेनमधून येणाऱ्याला तुमचा डावा इंडिकेटर दिसतो का? मी दर महिन्याला अपघाताच्या दाव्यांचे कागद वाचते. "मला दिसलंच नाही" हे वाक्य त्यात किती वेळा येतं, ते मोजणं मी सोडून दिलंय.

स्पॅनर
+१. आणि रिव्हेट. १२० ला एखादी शीट सुटली तर ती मागच्या गाडीच्या काचेवर जाईल. मी गॅरेजमध्ये सुटलेले स्पॉयलर पाहिलेत, ते तर कंपनीने बसवलेले होते.

मालवाहक
रिव्हेटला मोठ्या वॉशरचा आधार दिला आणि दर फेरीआधी हात फिरवून पाहिलं तर शीट सुटत नाही. ताडपत्रीचंही आम्ही तेच करतो. दिव्यांचा मुद्दा मात्र ताईंचा बिनतोड आहे.

वर्धारोड
ताई, काल संध्याकाळी सात वाजता हॅझर्ड लावून गाडी गल्लीत उभी केली आणि मागून उजवीकडे तिरका चालत गेलो. साधारण दहा पावलांवर डावा दिवा शीटमागे गेला. पूर्ण गेला, नुसती पिवळी झाकही नाही. मुलीला डावीकडे उभं केलं, तिला उजवा दिसेना. मी धागे बघत बसलो आणि हे बघितलंच नाही.

रात्रीच बोल्ट काढले. शेपूट सध्या बाल्कनीत आहे. शेपटाचा फायदा होतो यावरून मी हटलेलो नाही. पण शनिवारी शिर्डीला त्याच्याशिवाय जातोय. टायरमध्ये हवा नीट भरून, ११० च्या वर न जाता. परत आल्यावर त्या टाकीचा आकडा इथे टाकतो.