पीएस४ गेम कन्सोलला नेट आहे पण पार्टी चॅट लागत नाही, नॅट टाइप ३ दाखवतंय - मदत हवी आहे

भावांनो जरा बघा काय ते, डोकं आऊट व्हायची पाळी आलीय. घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, जुनं दुमजली, खालच्या भिंती हातभर जाड, आणि पीएस४ स्लिम वरच्या माडीवर. आधीचं नेट पावसाळ्यात सारखं जायचं म्हणून गणपतीच्या आधी गल्लीतल्याच एकाकडनं नवीन फायबर घेतलं, १०० एमबीपीएसचं, आणि तिथनं हा ताप मागं लागलाय.

नेट लागतच नाही असं नाही. स्टोअरमधनं डाउनलोड झकास, एकट्यानं खेळायला काय अडचण नाही, फोनवर स्पीड टेस्ट ९० च्या वर. पण इचलकरंजीच्या आतेभावाबरोबर पार्टी चॅट (खेळताना एकमेकांशी बोलायची सोय) लावलं की एकतर तो पार्टीत दिसतो पण आवाज काय येत नाही, नाहीतर मलाच बाहेर काढतंय, आणि फुटबॉलची मॅच लावायला गेलं की चक्र गोल गोल फिरत बसतं आणि शेवटी एरर. राजारामपुरीतल्या मित्राबरोबर मात्र सगळं बरोबर लागतंय, हे कसं काय ते कळेना. शाहू स्टेडियमच्या गावात राहून घरात फुटबॉल खेळता येईना म्हणजे कमालच झाली.

सेटिंगमधे इंटरनेट टेस्ट केली की आयपी मिळाला, इंटरनेट ओके, साइन इन ओके, फक्त खाली नॅट टाइप ३ (म्हणजे बाहेरनं येणारी जोडणी अडतेय, २ असला तर चालतं). वायफाय २.४ वरनं ५ गिगाहर्ट्झवर टाकून बघितलं. मग जिन्यावरनं लॅन केबल ओढून बघितली (आई म्हणाली पाय अडकून कोणतरी पडणार), तरी ३ च. डीएनएस ८.८.८.८ टाकला, एमटीयू १४९२ केला, काय फरक नाही.

जोडणी अशी आहे - फायबरवाल्याचा पांढरा डबा खाली दाराजवळ, त्यातनं वायर वर माझ्या जुन्या राउटरला, आणि राउटरवरनं पीएस४. राउटरमधे यूपीएनपी (गेमला लागणाऱ्या वाटा, म्हणजे पोर्ट, आपोआप उघडणारी सोय) चालू आहे, पोर्ट फॉरवर्डिंग (तेच हातानं उघडणं) पण केलंय, यूडीपी ३४७८, ३४७९ आणि टीसीपी ३४८०. फायबरवाल्याला फोन केला तर म्हणतोय "स्पीड येतंय न्हवं? मग आमच्याकडनं ओके हाय, २०० चा प्लॅन टाका." टाकू का? का राउटर नवीन घेऊ?

प्रतिसाद:
दोन्हीतलं काय घेऊ नकोस, पैसे राहू देत. स्पीडचा आणि नॅट टाइपचा काही संबंध नाही. तुझ्याकडं डबा पण राउटरचं काम करतोय आणि तुझा राउटर पण, म्हणजे डबल नॅट (नॅट म्हणजे आतल्या सगळ्यांना बाहेरच्या एकाच पत्त्यावरनं नेट देणं, ते तुझ्याकडं दोनदा होतंय). वाड्यात खोलीचं दार उघडं ठेवलंस पण दिंडी दरवाजाला कडी आहे, पाहुणा आत येणार कुठनं? तू पोर्ट उघडलेस ते आतल्या राउटरमधे. राउटरच्या पानावर वॅन आयपी (त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघ, १९२.१६८ नं सुरू होत असला तर हेच.
राजारामपुरीचं म्हणशील तर त्याचा टाइप २ असणार आणि आतेभावाचा पण ३, विचारून बघ. दोघं ३ वाले एकमेकांना थेट जोडले जात नाहीत.
राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाक, म्हणजे तो नुसतं डब्याचं नेट पुढं देईल. तसा मोड नसला तर त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद कर आणि डब्यातनं आलेली वायर वॅनच्या ऐवजी लॅनच्या भोकात घाल. मग यूपीएनपी डब्यात चालू करायचं.

धागाकर्ता:
बरोबर, वॅन १९२.१६८.१.४ आहे. आणि आतेभावाचा खरंच टाइप ३ निघाला राव. ॲक्सेस पॉइंट केला, डब्याचा पासवर्ड खाली स्टिकरवरच होता, यूपीएनपी चालू केलं. पीएस४ ला आता थेट डब्याकडनं पत्ता मिळतोय पण टाइप ३ च. डब्याच्या पानावर वॅन आयपी १००.७२ नं सुरू होतोय.

प्रतिसाद:
मग गाठ फायबरवाल्याकडं आहे. १००.६४ पासनं १००.१२७ पर्यंतचे पत्ते सीजीनॅटचे, म्हणजे एका पब्लिक आयपीमागं (बाहेरच्या इंटरनेटवर थेट दिसणाऱ्या पत्त्यामागं) त्यानं बरीच घरं बसवलीत. गुगलवर माझा आयपी काय म्हणून बघ, वेगळाच आकडा दिसेल. इथं तू कितीपण पोर्ट उघड, वरनं कोण आत येत नाही. आधीचं नेट चालत होतं कारण तिकडं पब्लिक आयपी असणार.

धागाकर्ता:
म्हणजे स्टॅटिक (कायम तोच राहणारा) आयपी घ्यावा लागणार? तो महिन्याला वेगळे पैसे सांगतोय.

प्रतिसाद:
स्टॅटिकच पाहिजे असं नाही, बदलता पब्लिक आयपी असला तरी गेमला चालतंय. फोनवर "गेम चालत नाही" म्हणू नकोस, परत प्लॅनच गळ्यात मारतील. सरळ म्हण "मला सीजीनॅटमधनं काढा, पब्लिक आयपी द्या", आणि फोन उचलणाऱ्या पोराला कळलं नाही तर त्यांच्या नेटवर्कवाल्याशी बोल. काहीजण फुकट करतात, काहीजण स्टॅटिकचेच पैसे लावतात. तोपर्यंत आतेभावाला त्याच्या घरी डबल नॅट आहे का ते बघायला सांग, दोघांतल्या एकाचा जरी २ झाला तरी तुमची मॅच लागायला पाहिजे.