प्रतिसाद: जेम्स पार्क हरला नाही

पावलं मोजणारे मनगटी पट्टे बनवणारी फिटबिट कंपनी गूगलला विकली म्हणजे तिचा संस्थापक जेम्स पार्क हरला, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. हार्वर्ड अर्धवट सोडलेल्या या माणसाने २००७ मध्ये एरिक फ्रीडमनसोबत सुरुवात केली, तेव्हा हाती काय होतं? लाकडी डबीत बसवलेला सर्किट बोर्ड! निन्टेंडो वी या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर खेळताना हालचाल टिपणारा सेन्सर त्याच्या डोक्यात बसला होता. २०१४ मध्ये फिटबिटच्या ‘फोर्स’ नावाच्या पट्ट्यामुळे काहींच्या मनगटावर पुरळ उठलं, तर तो परतही मागवला. पुढे २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, २०२१ मध्ये गूगलकडे गेली. आपल्या नागपुरात अंबाझरी तलावावर सकाळी बघा, मनगटावरचा पावलांचा आकडा कमी दिसला की काका-काकू अजून एक फेरी मारतात. ही सवय लावण्यात पार्कचा मोठा वाटा आहे.