चांदोलीसाठी कॅराव्हॅन कुठे लावावी? मणदूर, कोकरूड की कोयनानगर

प्रश्न: कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चांदोली राष्ट्रीय उद्यान बघायचं आहे, मुक्काम दोन रात्री. भाड्याची कॅराव्हॅन आहे: ट्रॅव्हलरच्या चॅसीवरची, लांबी सुमारे ७ मीटर, वरच्या एसीसकट उंची ३ मीटरच्या आसपास. आम्ही चौघे, त्यात आई ७२ वर्षांची, गुडघ्यांचा त्रास. पाण्याची टाकी १०० लिटर, बॅटरी १२ व्होल्ट २०० अँपिअर-तास, लिथियम.

तीन जागा समोर आहेत:
१) मणदूरजवळ शेतातली कृषी पर्यटनाची जागा, उद्यानाच्या सगळ्यात जवळ.
२) कोकरूडच्या अलीकडे हमरस्त्याला लागून असलेलं मंगल कार्यालयाचं आवार.
३) कोयनानगर. तिथे राहून कोयना आणि चांदोली दोन्ही होतील असं वाटतंय.

कुठली धरावी? आणि जागा ठरवण्याआधी मालकाला नेमकं काय विचारावं?

उत्तर १: घाटवाट

तिसरी जागा आधी खोडा. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, म्हणून नकाशावर दोन्ही एकाच पट्ट्यात दिसतात. पण कोयना उत्तरेला, चांदोली दक्षिणेला, आणि मधल्या जंगलातून पर्यटकांना आरपार रस्ता नाही. कोयनानगरहून चांदोलीला यायचं तर पाटण-कराड करून हायवेला लागायचं, पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड, आरळा असं फिरून यायचं. त्यात दिवस जातो. कोयना वेगळ्या सहलीत करा.

आता उरल्या दोन. सगळे जण प्रवेशद्वारापासून किती किलोमीटर तेवढंच विचारतात. तुम्ही शेवटचं अर्धा किलोमीटर विचारा. गाडी अडकते ती तिथेच. मालकाकडून मुख्य रस्ता सोडल्यापासून गाडी उभी करायच्या ठिकाणापर्यंतचा सलग व्हिडिओ मागवा, तुकडे चालणार नाहीत. त्यात तीन गोष्टी बघा.

रुंदी. पाणंद (शेतातली अरुंद वाट) असेल तर दोन्ही बाजूंच्या उसाच्या पानांसकट किती मोकळी जागा राहते ते बघा. ३ मीटरच्या आत असेल तर आरसे आणि गाडीच्या बाजूला गुंडाळून बसवलेलं सावलीचं छत घासणार. वळण काटकोनी असेल तर ७ मीटरची गाडी एका दमात वळत नाही, मागे-पुढे करायला जागा लागते.

उंची. गावातली कमान, रस्त्यावर आडवी आलेली फांदी, आणि घरांना गेलेल्या विजेच्या लोंबत्या तारा. तार काठीने वर उचलून गाडी काढायचा प्रकार अजिबात नको. तार नीट ताणून उंच करून घ्यायला मालकाला आधीच सांगा, नाहीतर ती जागा सोडा.

जमीन. वारणा खोऱ्यात रानं बहुतेक काळीची. वरून टणक दिसते, पण एवढ्या वजनाचं मागचं चाक रात्रभर एकाच जागी राहिलं की दबते. पहार घेऊन एका हाताच्या जोराने दाबून बघा. वीतभर आत गेली तर तिथे गाडी लावू नका. मुरूम टाकून दाबलेला भाग हवा, निदान चारही चाकांखाली. आणि हे विसरू नका: शेजारच्या रानात त्या रात्री पाण्याची पाळी आहे का ते विचारा. शेतीच्या फीडरला (पंपांना वीज देणाऱ्या लाइनला) वीज रात्रीची असेल तर पंप रात्री चालतात, पाट फुटतो, बांधावरून पाणी इकडे येतं, आणि संध्याकाळी कोरडी असलेली जमीन सकाळी लोणी झालेली असते.

उतारही बघा. एक अंशाचा उतार म्हणजे ४ मीटरच्या अंतरात ७ सेंटिमीटरचा फरक. आईंना झोपताना तेवढाही जाणवेल, शिवाय मोरीचं पाणी निचरत नाही. गवंड्याची पाणसळ गाडीच्या फरशीवर आधी लांबीत, मग रुंदीत ठेवा. खालच्या बाजूच्या चाकाखाली ४ सेंटिमीटर जाड, चाकापेक्षा रुंद फळ्या घालून वर चढवा. विटा नकोत, फुटतात. मग हँडब्रेक आणि चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे.

उत्तर २: फेज_न्यूट्रल

विजेचं सांगतो, कारण "लाइट आहे" एवढ्या उत्तरावर लोक बुकिंग करतात.

पहिला प्रश्न: जोडणी गावठाण (गावातल्या घरांच्या) फीडरवरची की शेतीपंपाची? शेतीपंपाच्या फीडरला थ्री फेज ठरावीक तासच असते, तीही बऱ्याच ठिकाणी आठवड्यागणिक दिवसा-रात्री बदलते. शिवाय त्या जोडणीवरून पर्यटनासाठी वीज वापरणं नियमात बसत नाही. गावठाणची किंवा व्यावसायिक जोडणी असेल तरच वीज आहे असं धरा.

दुसरा: अर्थिंग. वायरमनकडून टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला बल्ब) लावून घ्या. फेज-न्यूट्रलवर बल्ब जितका उजळ, तितकाच फेज-अर्थवर हवा. मिणमिणला तर अर्थिंग नावापुरतं आहे, आणि कॅराव्हॅनचं सगळं अंग लोखंडाचं. अर्थवर लावताच आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडला तर घाबरू नका, तो त्याचं काम करतोय.

केबल स्वतःची न्या: २.५ चौरस मिलिमीटर, तीन कोअर (आत तीन वायरी), २५ मीटर. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत एवढ्या अंतरावर १० अँपिअरला ९ व्होल्टच्या आसपास पडतात, २.५ मध्ये ४ च्या आत. मुळातच १९०-२०० व्होल्ट येत असतील तर हा फरक मोठा. आणि गुंडाळी पूर्ण सोडा. गुंडाळलेल्या केबलवर गिझर चालवला तर उष्णता बाहेर पडत नाही, आतलं इन्सुलेशन वितळतं.

पण डिसेंबरात खरं तर वीज लागतेच असं नाही. तुमची बॅटरी २४०० वॉट-तासांची, ८० टक्के वापरली तर १९०० हाताशी. फ्रिज दिवसाला ५०० च्या आसपास, दिवे-पंप-मोबाइल मिळून ३००. एसी, गिझर, इंडक्शन बंद ठेवलं तर दोन रात्री निघतात. लेड-ॲसिड असती तर निम्मीच धरली असती. तेव्हा विजेसाठी वाईट जमीन पत्करू नका.

उत्तर ३: रानपाखरू_शिराळा

उसाच्या फडाला चिकटून गाडी लावू नका. शिराळा, वाळवा, कराड भागात बिबट्या उसातच राहतो, पिल्लंही तिथेच घालतो, आणि डिसेंबर म्हणजे तोड चालू. फड मोकळा झाला की त्याला जागा बदलावी लागते. फडापासून निदान ५० मीटर मोकळं रान असावं. उष्टं-खरकटं बाहेर टाकलं की कुत्री आणि रानडुकरं येतात, त्यांच्या मागे तो येतो. कुत्रं सोबत असेल तर रात्री आत घ्या. उद्यानाच्या कडेच्या गावांत गवेही रात्री पिकात उतरतात. दिसला तर दिवा मारू नका, हॉर्न वाजवू नका, दार लावून आत थांबा. आईंना रात्री बाहेरच्या संडासात जावं लागू नये, म्हणून गाडीतला संडास चालू आहे ना ते भाडं ठरवतानाच बघून घ्या.

त्या संडासाची पेटी कुठे रिकामी करणार तेही आधी ठरवा. फॉर्मल्डिहाइडचं रसायन सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, म्हणून मालक नाही म्हणतात आणि ते बरोबर आहे. जिवाणूंवर चालणारं द्रव वापरा. भांड्यांचं पाणी ओढ्यात सोडू नका, तो ओढा वारणेलाच जातो. बादलीत धरून शोषखड्ड्यात ओता.

पाणी: माणशी १५ लिटर धरले तरी चौघांना दिवसाला ६०. म्हणजे १०० लिटरची टाकी दुसऱ्या दिवशी भरावीच लागणार. नळ गाडीपासून पाइपच्या टप्प्यात आहे का विचारा.

कॅराव्हॅन उद्यानात न्यायचा विचारही करू नका. आतले रस्ते कच्चे, झोळंबी सड्याकडे (उघड्या कातळाच्या पठाराकडे) उंच चाकांची छोटी गाडीच बरी. ती जागामालकाकडून आदल्या दिवशी ठरवून ठेवा. आत रात्रीचा मुक्काम नाही, अंधाराआधी बाहेर यायचं असतं.

कृष्णाकाठ_सांगली

मणदूरचा व्हिडिओ मागवला. पाणंद साधारण अडीच मीटर, दोन्हीकडे उभा ऊस, शेवटी काटकोन. जमीन काळी, मुरूम फक्त दारात. कोकरूडच्या आवारात मुरूम आहे आणि वीज व्यावसायिक. तिथे काही अडचण?

उत्तर ४: घाटवाट

मग कोकरूडच. दोनच गोष्टी. डिसेंबरात लग्नाच्या तिथी असतात, त्या दोन रात्री कार्य नाही हे लेखी घ्या, नाहीतर मांडव, जनरेटर आणि पन्नास गाड्यांच्या मधे अडकाल. आणि सकाळी उद्यानाकडे छोट्या गाडीने अंधारातच निघायला लागेल. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात, मागे रिफ्लेक्टर नसतोच असं धरून चालवा. कॅराव्हॅन मात्र दिवस मावळायच्या आत आवारात पोचवा, आणि तोंड रस्त्याकडे करून लावा.