बंडुरा ‘हजार वर्षांचा’? जरा सबुरीने घ्या!

सतारमिस्त्री: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की साठ तारांचा बंडुरा हे युक्रेनच्या आंधळ्या कोब्झारांचं, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या गवयांचं, हजार वर्षांचं वाद्य. डोकंच फिरलं. कोब्झार गावोगाव मिरवायचे तो विलोच्या एकाच ओंडक्यातून कोरलेला, वीसेक तारांचा. आजचा अवजड, अर्धस्वरांसकटचा बंडुरा गेल्या शतकात चेर्निहिव्ह नि ल्विव्हच्या कारखान्यांत घडला. एकोणिसाव्या शतकातल्या नामांकित कोब्झाराच्या, ओस्ताप वेरेसायच्या, मांडीवर ठेवला असता तर म्हणाला असता, हा पेटारा कुणाचा?

मोगरा: ‘कुणीतरी’ म्हणजे मीच. वाद्याने बदलायचंच नाही का? बंडुरावादक खोत्केविच तर इंजिनियर. १९०२ साली खारकीव्हच्या पुरातत्त्व परिषदेत आंधळ्या गवयांना मंचावर त्यानेच बसवलं, १९०९ मध्ये बंडुरा शिकायचं पुस्तकही काढलं. तुम्हाला ते काचेच्या कपाटातच हवंय.

सतारमिस्त्री: त्याच खोत्केविचला १९३८ मध्ये सोव्हिएत राजवटीने गोळी घातली, हेही लिहा की.

खारकीव्ह_रिटर्न: गोळीचं निघालंच आहे तर... मी तिथे एमबीबीएसला होतो, २०२२ मध्ये अर्धवट सोडून आलो. घरमालकीणबाई बंडुरा वाजवायच्या. तारा किल्लीने लावायला अर्धा तास, वाजवणं दहा मिनिटं. त्या सांगायच्या, तीसच्या दशकात कोब्झारांना परिषदेच्या नावाखाली बोलावलं आणि सगळ्यांना संपवलं. शहरात त्यांचं स्मारक आहे.

रोखठोक: स्मारक म्हणजे पुरावा नव्हे. त्या परिषदेचा एक कागद दाखवा.

खारकीव्ह_रिटर्न: कागद कुणी जपायचे, मारणाऱ्यांनी? तळघरात आठवडा काढला असतात तर कळलं असतं. पुण्यात बसून पुरावे मागणं सोपं आहे.

रोखठोक: सांगलीत बसलोय. तळघराचा इथे काय संबंध? एकेकाला उचलून मारलं, हे मीही मानतो. पण ऐकीव गोष्ट इतिहास म्हणून खपवलीत की खऱ्या खुनांवरही लोक संशय घेतात.

खारकीव्ह_रिटर्न: ‘ऐकीव’? बाईंचे आजोबा त्याच काळात गेले ते परत आले नाहीत. त्यांना जाऊन सांगा हे.

रोखठोक: ...बाईंबद्दल बोललो नाही. शब्द चुकला.

सतारमिस्त्री: धागा वाद्याचा होता हो!

मोगरा: बरं, ‘हजार वर्षं’ मागे घेते, पेढे वाटा. तुम्ही मात्र वीस तारांवर त्या पाश्चात्त्य संगीतकार बाखचं काही वाजवून दाखवा.

सतारमिस्त्री: बाख कोब्झारांनी कधी मागितला होता?